मदत हवी आहे: ओव्हरी कॅन्सरच्या मेंटेनन्ससाठी (केमोनंतर आजार परत वाढू नये म्हणून दिलेले उपचार) बेव्हासिझुमॅब (ट्यूमरच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) चालू ठेवावं का?

मावशीला हाय ग्रेड सिरस (वेगाने वाढणारा प्रकार), स्टेज ३सी. तीन केमो, मग ऑपरेशन, पुन्हा तीन केमो; शेवटच्या तिन्हींत बेव्हासिझुमॅबही होतं. स्कॅन क्लिअर. बीआरसीए जीन्समधला दोष नाही, म्हणजे निगेटिव्ह (रक्त आणि ट्यूमर दोन्ही तपासलंय, ती टेस्ट सुचवू नका), एचआरडी (ट्यूमरच्या पेशींना डीएनए नीट दुरुस्त करता न येणं) पॉझिटिव्ह. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: ओलापॅरिब अधिक बेव्हासिझुमॅब, किंवा नुसतं निरापॅरिब (ओलापॅरिब आणि निरापॅरिब दोन्ही पार्प इनहिबिटर, म्हणजे कॅन्सर पेशींची डीएनए दुरुस्ती अडवणाऱ्या गोळ्या). म्हणाले, घरी चर्चा करून सांगा. आता घरात कोण काय सांगणार!

मी पाओला-१ (ओलापॅरिब अधिक बेव्हासिझुमॅबची ट्रायल) आणि प्रिमा (निरापॅरिबची ट्रायल), दोन्हींचे २०१९चे पेपर वाचले. मावशीसारख्या गटात आजार पुन्हा न वाढता गेलेला मध्यक काळ पाओलात २८.१ महिने (ओलापॅरिबशिवाय, नुसत्या बेव्हासिझुमॅबवर १६.६), प्रिमात १९.६ (प्लासिबोवर ८.२). पण प्रिमातले पेशंट मुळातच जास्त जोखमीचे, म्हणून हे आकडे शेजारी ठेवणं मला पटत नाही. शिवाय पाओलात नुसत्या ओलापॅरिबचा गटच नव्हता. मग फायद्यात बेव्हासिझुमॅबचा वाटा किती, हे कसं ठरवायचं?

बीपी तर दोन्ही पर्यायांत वाढू शकतं. पार्प इनहिबिटर एकटं विरुद्ध बेव्हासिझुमॅबसोबत, अशी थेट तुलना करणाऱ्या ट्रायलचे निकाल कुणी पाहिलेत का? आणि बीपी असलेल्या पेशंटमध्ये तुमच्या डॉक्टरांनी कशावरून निवड केली?