मदत हवी आहे: 'क्रिस्टाबेल'मधील आघात कसे मोजावेत?

नमस्कार.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेत झाले. निवृत्तीनंतर इंग्रजी कविता आणि गॉथिक (म्हणजे भय-गूढाची) कादंबरी यांचे वाचन प्रथमच हाती घेतले आहे. आरंभ होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो'ने केला. त्यात ऐन लग्नाच्या दिवशी नवरदेव एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडला जातो, आणि खरे सांगायचे तर मला भीतीऐवजी हसू आले. वॉलपोलचा मित्र टॉमस ग्रे याची १७५१ सालची 'एलेजी' ही शोककविता मात्र लगेच कानात बसली, कारण 'द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे' या ओळीत दहा अक्षरे आणि एकाआड एक असे पाच आघात (म्हणजे उच्चारताना जोर पडणारी अक्षरे) बोटांवर मोजता येतात.

घोडे अडले आहे ते इंग्रज कवी कोलरिजच्या 'क्रिस्टाबेल'पाशी. अपूर्णच राहिलेली ही कविता १८१६ साली छापली गेली. ओळीतील अक्षरे सातपासून बारापर्यंत कमीजास्त झाली तरी आघात चारच सापडतील, असे कवी प्रस्तावनेत सांगतो. 'टिज द मिडल ऑफ नाइट बाय द कासल क्लॉक' या पहिल्या ओळीत ते सापडतातही: मिड, नाइट, कास, क्लॉक. तिसरी ओळ मात्र नुसता घुबडाचा घूत्कार आहे, 'टु-व्हिट! टु-व्हू!', म्हणजे अवघी चार अक्षरे. मग प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर द्यायचा, की मधला विरामही मोजायचा?

भुजंगप्रयाताची बारा अक्षरे लघु-गुरूंच्या ठरलेल्या जागी ऐकण्याची सवय असल्यामुळे माझा गोंधळ वाढतो. 'मिडल'मधला 'मि' आपल्या हिशेबाने लघु, तरी आघात त्याच्यावरच. अक्षरांची संख्या पक्की नसलेली ओवी याला अधिक जवळची मानावी का?

१८१६च्याच जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदाती या बंगल्यात कवी बायरनने या कवितेतल्या ओळी म्हणून दाखवल्या, तेव्हा कवी पर्सी शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला, अशी नोंद बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याच्या रोजनिशीत आहे. मेरी शेलीच्या 'फ्रँकेनस्टाइन'चे बीज पडले तेही याच मुक्कामात. मला मात्र ती कविता वाचून अजून साधा शहाराही येत नाही, आणि दोष माझ्या वाचण्याच्या ठेक्यात असावा असा संशय आहे.

ज्यांनी ही कविता वर्गात शिकवली किंवा मोठ्याने वाचली असेल, त्यांनी पहिल्या पाच ओळींतील आघाताची अक्षरे देवनागरीत अधोरेखित करून दाखवली, तर फार उपकार होतील.