मदत हवी आहे : रिओच्या पानात रससंकोच दिसत नाही

परळचा शिकवणीवाला (शुक्रवार, रात्री ११.१०)

सर्वांना नमस्कार. मी परळला अकरावीच्या जीवशास्त्राच्या शिकवण्या घेतो. पेशीपटलातून पाणी कसे ये-जा करते हे रविवारी सकाळी मुलांना प्रत्यक्ष दाखवीन असा शब्द मी देऊन बसलो आहे आणि शुक्रवारची रात्र सरत आली तरी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीही घडत नाही. रिओच्या (पानांची खालची बाजू जांभळी असणारे शोभेचे झाड) पानाची साल काढून मिठाच्या पाण्यात ठेवली. दहा मिनिटांनी पाहिले, वीस मिनिटांनी पाहिले, जेवण उरकून पुन्हा पाहिले. पेशीभित्तिकांची षटकोनी जाळी अगदी स्वच्छ दिसते, परंतु आत आक्रसलेले जीवद्रव्य, म्हणजेच रससंकोच, कोठेही नाही. मीठ दुप्पट केले, चौपट केले, शेवटी विरघळेनासे होईपर्यंत टाकले. व्याख्या मला पाठ आहेत, त्या कृपया कोणी लिहू नयेत. चुकते कोठे, एवढेच सांगावे.

भिंगवाला (११.३२)

प्रयोगशाळेत तीस वर्षे काचपट्ट्या धुतल्यावर मी एक शिकलो, की प्रयोग फसला म्हणणारा माणूस नेमकी फसलेली पायरी सांगायची विसरतो. साल पानाच्या वरच्या हिरव्या बाजूची आहे की खालच्या जांभळ्या? मीठ तोलून घेतले की चमच्याने? आणि मिठाच्या पाण्यात घालण्यापूर्वी ती साल साध्या पाण्यात ठेवून पाहिली होती का?

मीठभाकर (११.४०)

एवढा खटाटोप हवाच कशाला? रात्री वाटीभर पाण्यात बेदाणे भिजत घालावेत, सकाळी टम्म फुगतात. तेच बेदाणे साखरेच्या दाट पाकात टाकले की पुन्हा आक्रसतात. आमच्या घरी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात पातेल्यात पाणी सुटते. परासरण म्हणतात ते हेच, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

परळचा शिकवणीवाला (११.४८)

बेदाणे मुलांनी आठवीतच फुगवले आहेत. मला भित्तिकेपासून सुटलेले प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीपटल, दाखवायचे आहे आणि ते बेदाण्यात दिसत नाही. साल खालच्याच बाजूची आहे. मीठ चमच्याने घेतले. वस्तुभिंग आधी दहापट, मग चाळीसपट लावले. साध्या पाण्यात पाहिले नाही, कारण तेथे काही घडणारच नव्हते.

सायनची वही (शनिवार, सकाळी ६.५५)

सर, मिठाऐवजी साखर वापरावी, असा माझा अनुभव आहे. मिठाचे आयन काही काळाने थोडेफार आत शिरतात आणि पेशी पुन्हा फुगू लागते. साखरेचा रेणू मोठा असल्यामुळे तो बाहेरच अडतो आणि परिणाम टिकून राहतो. मी दहा टक्क्यांचे द्रावण करते.

भिंगवाला (७.२०)

ताई, साखर चालेल, परंतु दहा टक्के पुरणार नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम साखर म्हणजे साधारण ०.२९ मोलर (लिटरमागे किती रेणू, ते मोजण्याचे एकक). शिरेतून देतात ते ०.९ टक्क्यांचे सलाइन ०.१५४ मोलर असते, पण मिठाच्या प्रत्येक कणातून सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटत असल्याने परासरणाच्या हिशेबात ते ०.३१ च्या आसपास जाते. म्हणजे तुमचे दहा टक्के साखरेचे पाणी आणि रुग्णालयातले सलाइन जवळजवळ सारखेच. त्यात माणसाची तांबडी पेशी ना फुगते ना आक्रसते, आणि रिओची पेशीही तशी ढिम्मच राहण्याचा संभव अधिक. साखर वीस-पंचवीस टक्के घ्यावी, किंवा मीठ पाच टक्के. परंतु या गृहस्थांनी विरघळेनासे होईपर्यंत मीठ टाकले आहे, तेव्हा त्यांच्याकडे मीठ कमी पडले असे म्हणता येत नाही. दोष दुसरीकडे आहे आणि माझ्या शेवटच्या प्रश्नातली साध्या पाण्याची पायरी त्यांनी गाळली आहे.

रात्रपाळी (७.४१)

मी बालरोग विभागात परिचारिका आहे. मुलांना वहन शिकवायचेच असेल तर परासरणावर थांबू नये, जलसंजीवनीही सांगावी. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमच्या सोबतीने शिरते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. म्हणूनच जुलाब झालेल्या बाळाला नुसते पाणी पुरत नाही, साखर आणि मीठ दोन्ही लागतात. या सोडियमला पेशीबाहेर काढणारा पंप ऊर्जा खर्च करून दर फेरीस तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत हेच द्रावण देऊन असंख्य जीव वाचवले.

परळचा शिकवणीवाला (७.५०)

माहिती उत्तम आहे, परंतु माझ्या काचपट्टीचे काय?

कुर्ल्याचा बाक (८.०५)

रिओचा नाद सोडून गालाच्या आतल्या पेशी घ्या. स्वच्छ काडीने खरवडले, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की झाले काम. मीठ टाकल्यावर त्यातही रससंकोच दिसेल.

सायनची वही (८.१४)

मुलांसमोर असे कृपया बोलू नये, नाहीतर तोंडी परीक्षेत गुण जातात. प्राणीपेशीला पेशीभित्तिका नसते. अतिपरासारी, म्हणजे पेशीतल्या रसाहून दाट, द्रावणात ती सगळीच्या सगळी आक्रसते. पटल भित्तिकेपासून सुटून आत गोळा होते तेव्हाच त्याला रससंकोच म्हणतात, आणि सुटायला भित्तिका तर हवी. उलट तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुटते, वनस्पतीची पेशी मात्र भित्तिकेच्या आधाराने ताठ उभी राहते.

गच्चीवरची बाग (८.३०)

मी शास्त्रातली नाही, झाडे लावते. रिओचे पान कधी तोडले, ते कोणीच विचारलेले नाही. आमच्याकडे अर्ध्या दिवसात त्याच्या कडा वळतात. शिवाय त्याचा चीक काहींच्या हाताला खाजतो, मुलांना सांगून ठेवावे.

परळचा शिकवणीवाला (८.४६)

पान मुलुंडच्या एका मित्राने बुधवारी लोकलने आणून दिले. उकाड्यात सुकू नये म्हणून मी ते पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवले होते. बाहेर काढल्यावर थोडे मऊ पडले, परंतु रंग तसाच होता. बशीतले पाणी किंचित जांभळे झाले, ते पान नीट धुतले गेले नसेल म्हणून असे मी समजलो. याचा काही संबंध आहे का?

भिंगवाला (९.०२)

सारा संबंध याच्याशीच आहे, आणि हे वाक्य रात्री सव्वाअकराला आले असते तर तुम्हाला वेळेवर झोप मिळाली असती. वरचा कप्पा म्हणजे बर्फाचाच ना? तेथे पेशीतले पाणी गोठते, बर्फाचे स्फटिक वाढतात आणि पटले फाटतात. रिओचा जांभळा रंग भित्तिकेत नसतो, तो मध्यभागी असलेल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, विरघळलेला असतो. तो बशीत उतरला याचा अर्थ रिक्तिकेचे पटलही गेले आणि बाहेरचे प्रद्रव्यपटलही गेले. भित्तिका सेल्युलोजची असते, ती मेल्यावरही उभी राहते, म्हणून तुम्हाला जाळी सुरेख दिसते. ती ओसाड पडलेल्या चाळीची जाळी आहे, बिऱ्हाडे केव्हाच निघून गेलेली. काय आत-बाहेर जाऊ द्यायचे ते निवडणारे निवडक्षम पटलच उरले नाही तर आत-बाहेर फरक राहत नाही, मग तुम्ही मिठागर ओतले तरी काय आक्रसणार?

साल साध्या पाण्यात पाहायला सांगतो ते एवढ्यासाठीच. प्रत्येक खोली काठोकाठ जांभळी आणि भोवतीचे पाणी नितळ असेल तरच पुढे जावे.

मीठभाकर (९.१५)

मग फ्रिजरमधले मटार महिनोन्महिने हिरवेगार कसे राहतात?

भिंगवाला (९.२४)

हिरवे राहतात, जिवंत राहत नाहीत. ते गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेले असतात आणि हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून रंग टिकतो. बीट गोठवून पाहा, पाणी लाल होईल. तुमच्या कैरीचेही तेच आहे. सुरुवातीचे पाणी जिवंत पेशीतून परासरणाने सुटते, पुढे मिठाने पेशी मरतात आणि मग फोडीत मीठ मुरते. पटल शाबूत असते तर लोणचे आतपर्यंत खारट झालेच नसते.

मीठभाकर (९.३१)

लोणच्यापुरते मान्य आहे. बेदाण्याचे मत मी सोडलेले नाही.

परळचा शिकवणीवाला (सायंकाळी ५.४०)

वरच्या मजल्यावरील काकूंच्या गॅलरीत रिओची कुंडी आहे हे मला आजच कळले. पान तोडून पाच मिनिटांच्या आत खालची साल काढली आणि आधी साध्या पाण्यात ठेवली. पाणी नितळ होते आणि पेशी गच्च जांभळ्या. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला पाच टक्के मिठाचे दोन थेंब सोडले आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घेतले. मी डोळा लावून बसलो. दीड-दोन मिनिटांत एका पेशीच्या कोपऱ्यात नखाएवढी पांढरी फट पडली, पाठोपाठ दुसऱ्या कोपऱ्यात, आणि बघता बघता जांभळा रंग गडद होत मध्यभागी गोल पेढ्यासारखा गोळा झाला. भित्तिका जागची हलली नाही. नंतर तशाच रीतीने साधे पाणी आत ओढले, तेव्हा बहुतेक पेशी पुन्हा भरल्या, दोन-तीन मात्र तशाच राहिल्या. फ्रिजमधली साल टाकून दिलेली नाही, उद्या मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.

एक शंका राहिली. भित्तिका आणि आक्रसलेले पटल यांच्यामधल्या त्या पांढऱ्या फटीत काय असते? पोकळी म्हणावी का?

सायनची वही (५.५२)

पोकळी नव्हे. भित्तिका मिठालाही अडवत नाही, पाण्यालाही नाही, म्हणून त्या फटीत तुम्ही टाकलेले मिठाचे द्रावणच असते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि निम्मी मुले हवा असे उत्तर देतात.

गच्चीवरची बाग (६.०५)

काकूंना विचारून त्या कुंडीतली एक फूट माझ्यासाठी काढून ठेवाल का? परळला येणे होतेच.