मदत हवी आहे: निसर्ग केंद्रात देखभालीला नवे काका येतायत, पहिला आठवडा कसा आखू?

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं छोटं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. सोमवारपासून देखभालीसाठी नवे काका रुजू होतायत. नळ, वायरिंग, सुतारकाम सगळं येतं. पण आजवरची नोकरी सोसायट्यांमध्ये, म्हणजे सगळं 'चकाचक' करायला हात सरावलेले.

आधीच्या दादांनी कढीपत्त्यावरच्या 'पक्ष्यांच्या शिटा' फडक्याने पुसून काढल्या होत्या. त्या कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या! दुसऱ्या दिवशी शाळेची सहल, मुलांना दाखवायला नुसती पानं. दोष त्यांचा नाही, आम्ही सांगितलंच नव्हतं. नंतर दोन पानी सूचना छापून भिंतीवर लावल्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. एकदा तासभर फेरी मारून सगळं दाखवलं, तेही डोक्यावरून गेलं.

सापांचं सांगून झालंय: मारायचा नाही, हात घालायचा नाही, आधी मला हाक, मग वनखात्याला १९२६ वर फोन. गमबूट, हातमोजे, टॉर्च आणलेत. पालापाचोळा जाळायचा नाही, हेही कळलंय.

काका मराठी सावकाश वाचतात, फोटो मात्र पटकन ओळखतात. वयाने मोठे आहेत, त्यामुळे शिकवणीचा सूर नकोय. शिकवायला मी एकटीच, तेही सहली सांभाळून.

पहिल्या आठवड्यात रोज काय आणि किती दाखवावं? 'याला हात लावू नका' असे फोटोंचे तक्ते कोणी केलेत का, आणि ते पावसात टिकायला कशावर छापले?