शब्दचर्चा : सरमिसळ, गुंफण की अंतर्भाव?

प्रश्न

अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी पीएचपी या वेब-प्रोग्रामिंगच्या भाषेवरील टिपणे मराठीत लिहीत असताना एका संकल्पनेपाशी अडलो आहे. एकाच फाइलमध्ये पानाचे मार्कअप (म्हणजे मजकुराची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलच्या खुणा) आणि सर्व्हरवर चालणारा कोड एकाआड एक लिहिण्याच्या पद्धतीला मराठीत काय म्हणावे? मी सध्या ‘सरमिसळ’ असे लिहिले आहे. माझ्या एका सहकाऱ्यांच्या मते या शब्दातच दूषण आहे आणि त्याऐवजी ‘अंतर्भूत कोड’ असे लिहावे. ‘मार्कअप’ला ‘चिन्हांकन’ म्हणावे काय, हेही कळवावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. कोणता भाग कुठला हे सहज निवडता येऊ नये, अशा रीतीने गोष्टी एकत्र झाल्या की आपण सरमिसळ झाली म्हणतो. पीएचपीच्या फाइलमध्ये तसे होत नाही. तिथे आरंभखूण आणि समाप्तिखूण यांच्यामधला मजकूर तेवढा कोड मानला जातो व तो सर्व्हरवरच चालवला जातो. खुणांच्या बाहेरचा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. ब्राउझरपर्यंत कोड पोहोचतच नाही, त्याने छापलेला मजकूर तेवढा पोहोचतो. म्हणजे दोहोंची सीमा शेवटच्या अक्षरापर्यंत निश्चित असते.

‘अंतर्भूत’ हा शब्द चुकीचा नाही, आणि त्यात एक ऐतिहासिक अर्थही सामावतो. 1993 च्या सुमारास सीजीआयची (सर्व्हरने वेगळा प्रोग्राम चालवून त्याच्याकडून पान छापून घेण्याची) पद्धत रूढ होऊ लागली, तेव्हा पर्ल किंवा सी भाषेतला प्रोग्राम हाच पाया असे आणि पानाचे मार्कअप त्यातल्या छपाईच्या आज्ञांमध्ये अवतरणचिन्हांत कोंबावे लागे. मार्कअपमध्येही अवतरणचिन्हे आली की प्रत्येकाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागे, आणि असे पान वाचणे जिकिरीचे होई. रास्मुस लेर्डोर्फ यांनी 1995 मध्ये खुल्या केलेल्या साधनांमधून पीएचपी घडत गेली आणि तिच्यात हा क्रम उलटला: पान पाया झाले आणि कोड त्याच्या पोटात गेला. सर्व्हरवर पाने घडवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एएसपीची (1996) आणि जावाच्या जेएसपीची (1999) रचनाही याच दिशेची आहे. कशाच्या पोटात काय, हे ‘अंतर्भूत’मधून नेमके कळते.

तरीही त्यातून एक गोष्ट निसटते. कोडच्या एका तुकड्यात आवर्तन (लूप) सुरू होते, मग तो तुकडा संपतो. त्याखाली तक्त्याच्या एका ओळीचे साधे मार्कअप येते. आणि त्यानंतरच्या तुकड्यात एकटा समाप्तीचा महिरपी कंस येतो. मधले मार्कअप कोडच्या बाहेर दिसत असूनही आवर्तनाच्या अधीन असते, म्हणून माहितीच्या जितक्या नोंदी तितक्या वेळा ते छापले जाते. वेणीचा एक पेड दुसऱ्याखाली जाऊन पुन्हा वर यावा तशी ही रचना आहे. तिच्यासाठी मी ‘गुंफण’ सुचवीन: मार्कअपमध्ये कोड गुंफला आहे, असे वाक्य विद्यार्थ्याला न अडखळता वाचता येईल.

दुसरा प्रतिसाद

‘गुंफण’ मला मान्य आहे. परंतु ‘सरमिसळ’ टाकून देऊ नये, अशी आग्रहाची विनंती आहे. जुन्या संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करताना ज्या फाइली पुढे येतात, त्यांना दुसरा शब्द लागू पडत नाही. पानाचे शीर्षक छापून झाल्यावर डेटाबेसची जोडणी उघडलेली असते, तक्त्याच्या प्रत्येक ओळीत नवी क्वेरी (डेटाबेसकडे माहितीची मागणी) चालते, त्याच ओळीत सवलतीचा हिशेबही होतो, आणि पान अर्धे छापून झाल्यावर वापरकर्त्याने लॉगिन केले आहे की नाही हे तपासून, केले नसल्यास त्याला दुसऱ्या पानाकडे पाठवण्याचा प्रयत्न होतो.

हा शेवटचा प्रयत्न फसतो, आणि त्याचे कारण सर्व्हर व ब्राउझर यांच्यातील देवाणघेवाणीच्या नियमांच्या, म्हणजे एचटीटीपीच्या, रचनेतच आहे. दुसऱ्या पानाकडे जाण्याची सूचना हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरील माहितीत) जाते आणि हेडर पानाच्या मजकुराआधी जावे लागतात. मजकुराचे एक अक्षर जरी पुढे गेले तरी पीएचपी ‘हेडर आधीच पाठवले गेले आहेत’ अशा अर्थाचा इशारा देते. आरंभखुणेच्या आधी राहिलेली एक कोरी ओळही त्याला पुरते. आउटपुट बफरिंग (छापलेला मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवणे) चालू असले तर हा दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. इथे एकत्र आल्या आहेत त्या दोन भाषा नव्हेत, तर निर्णय घेणे आणि दाखवणे ही दोन कामे. ती वेगळी ठेवण्याचा विचार वेबहून जुना आहे: ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी मॉडेल (माहिती), व्ह्यू (दर्शन) आणि कंट्रोलर (नियंत्रण) ही विभागणी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात 1979 मध्ये मांडली.

म्हणून स्मार्टी, ट्विग किंवा ब्लेड यांसारखे टेम्प्लेट इंजिन (पानाच्या साच्यात माहिती भरून देणारे साधन) आणले की सरमिसळ आपोआप संपते, असे टिपणात लिहू नये. ब्लेडच्या फाइलमध्येही क्वेरी लिहिता येते. उलट, जिच्यात माहिती आधीच तयार होऊन आलेली आहे आणि उरलेले काम फक्त आवर्तन, अट आणि छपाई एवढेच आहे, अशी साधी पीएचपी फाइल पूर्ण स्वच्छ असते. अशा फाइलींसाठी पीएचपीत महिरपी कंसांऐवजी अपूर्णविराम (:) आणि अट व आवर्तन संपल्याचे सांगणारे ‘एंडइफ’, ‘एंडफॉरईच’ वापरण्याची सोयही आहे, आणि ती विद्यार्थ्यांना पहिल्याच पाठात शिकवावी असे माझे ठाम मत आहे.

तिसरा प्रतिसाद

वरील दोन अर्थांत न बसणारा तिसरा प्रकार नोंदवतो. वापरकर्त्याने नावाच्या रकान्यात कोनी कंस घालून स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि आपण ते नाव जसेच्या तसे पानात छापले, तर ब्राउझर त्याला नाव न समजता मार्कअप समजतो व ती स्क्रिप्ट पान पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी ब्राउझरमध्ये चालते. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात ते हेच. इथे माहितीने मार्कअपची जागा घेतली; याला मी ‘भेसळ’ म्हणेन, कारण बाहेरची वस्तू अस्सल मालाच्या रूपात आत आली आहे.

यावरचा उपाय म्हणजे छापण्याआधी ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे फंक्शन लावणे. पीएचपी 8.1 पासून ते एकेरी अवतरणचिन्हही मूळ सेटिंगमध्येच बदलते, त्याआधी ते वेगळे सांगावे लागे. ट्विगमध्ये हे काम आपोआप होते. या क्रियेला ‘एस्केप करणे’ म्हणतात. काही भाषांतरांत दिसणारा ‘सुटका’ हा प्रतिशब्द कृपया घेऊ नये, कारण इथे कोणी सुटत नाही. चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेतला जातो, म्हणून ‘चिन्हे निष्प्रभ करणे’ असे उलगडून लिहावे.

‘चिन्हांकन’ शब्द अर्थाने ठीक आहे, परंतु चिन्हांकित उताऱ्याचाही अर्थ त्याला चिकटलेला आहे, आणि विद्यार्थी पुढे जे काही वाचतील त्यात त्यांना ‘मार्कअप’च भेटेल. एकदा अर्थ सांगून ‘मार्कअप’च ठेवावे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. प्रकरणाचे शीर्षक ‘मार्कअपमधील कोडची गुंफण’ असे करतो. लॉगिनची तपासणी फाइलच्या माथ्यावर, छपाई सुरू होण्याआधी हलवण्याचा स्वाध्याय ‘सरमिसळ’ या उपशीर्षकाखाली घालतो, आणि एंडफॉरईचचे उदाहरण पहिल्या पाठात आणतो.