मदत हवी आहे: बांधकाम कामगार संघटनेचा खर्च, मंडळाचे लाभ आणि एका मृत सभासदाची भरपाई

नमस्कार. थोडं लांब लिहिते आहे, कारण तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत.

मी तालुका पातळीवरच्या एका नोंदणीकृत बांधकाम कामगार संघटनेची खजिनदार आहे. कार्यकारिणी नवी आहे. सभासदांत गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी असे सगळे आहेत आणि बायकांची संख्या बरीच आहे. पूर्वी संघटना मजुरीचे दर आणि बुडवलेली हजेरी यासाठी भांडायची. आता जवळजवळ सगळं काम बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याणकारी मंडळाच्या अर्जांभोवती फिरतं. नोंदणी, नूतनीकरण, मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाचा लाभ, सुरक्षा संच, भांड्यांचा संच. मंडळाकडे जमणारा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे तो कामगाराच्याच कष्टावरचा आहे. तो त्याच्या घरी पोचवणं हे आमचं कामच आहे. पण माणूस भांड्यांसाठी येतो, अंगठा देतो, संच उचलतो आणि पुन्हा संघटनेकडे फिरकत नाही.

पहिला प्रश्न पैशांचा. आधीच्या पदाधिकाऱ्यांच्या काळात लाभ मंजूर झाला की त्यातला काही हिस्सा ‘देणगी’ म्हणून घ्यायची पद्धत होती. पावती मिळायची, पण नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती. सर्वसाधारण सभेत ठराव करून आम्ही ती पद्धत बंद केली. आता कार्यालयाचं भाडं थकलं आहे आणि ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या मुलाला पगार तुकड्यांत द्यावा लागतो. मजूर नाक्यावरचे एजंट जवळपास फुकटच्या नोंदणीचे पैसे उकळतात, आणि आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, “ते घेतात, मग आपण घेतलं तर काय बिघडलं?” मला हे मान्य नाही. पण नुसतं मान्य नाही म्हणून भाडं भरलं जात नाही. रोजंदारीवरच्या, आज इथे तर उद्या दुसऱ्या तालुक्यात असलेल्या माणसाकडून नियमित वर्गणी कशी गोळा करता तुम्ही?

दुसरा प्रश्न ९० दिवसांच्या दाखल्याचा. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असल्याशिवाय नोंदणी नाही. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की आपल्याकडे किती माणसं आहेत ते कागदावर येतं आणि उपकराचं विचारतील अशी त्याला भीती. ग्रामसेवकाकडे गेलं तर तो म्हणतो, “मी कुठे पाहिलंय तुम्हाला काम करताना?” सगळ्यात जास्त अडतं बायकांचं. नवरा-बायको जोडीने काम घेतात, मजुरी जोडीची ठरते, ठेकेदाराच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. ती बाई दिवसभर घमेली वाहते आणि कागदावर कुठेच नसते. उलट ज्यांनी आयुष्यात थापी हातात धरली नाही असे गावातल्या वजनदार मंडळींचे नातेवाईक दाखला मागायला येतात. नाही म्हटलं की संघटनेला ‘बघून घेऊ’ची भाषा ऐकावी लागते.

तिसरा प्रश्न सगळ्यात तातडीचा. आमचा एक सभासद, चाळिशीचा बिगारी, गेल्या वर्षी उन्हाळ्यात परांचीवरून पडून गेला. मंडळाकडचं नूतनीकरण थकलेलं होतं, म्हणून कामावर मृत्यू झाल्यास वारसाला मिळणारे ५ लाख मिळणार नाहीत असं तोंडी सांगण्यात आलं. ठेकेदाराने दहाव्याच्या आधी बायकोच्या हातात काही रक्कम ठेवली आणि स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं. दोन मुलं शाळेत आहेत. ती सध्या माहेरी, दुसऱ्या जिल्ह्यात राहते. काही करता येईल का? कार्यकारिणीतले जुने लोक म्हणतात कागदावर सही झाली, विषय संपला. मला हे पटत नाही, पण कायद्याचं नेमकं माहीत असलेलं कुणी हवं आहे.

ओळंबा

ताई, तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात मुदत आहे.

विषय संपलेला नाही. अपघात गेल्या उन्हाळ्यातला, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या त्याच्या आधीचा. तेव्हा १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता. त्याच्या कलम ८ प्रमाणे मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, जमा करायची असते. वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ रक्कम तेवढी वळती होऊ शकते. आणि हक्क सोडल्याचा करार कलम १७ ने रद्दबातल आहे. त्या स्टॅम्पपेपरला घाबरू नका. उलट जपून ठेवा, कारण माणूस आपल्याकडे कामाला होता हे ठेकेदाराने स्वतःच त्यात कबूल केलेलं असणार.

हिशेब असा: महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात. वय ४० असेल तर गुणांक १८४.१७, म्हणजे ७,५०० × १८४.१७ = १३,८१,२७५ रुपये. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना थकवली तर दंड वेगळा. ‘तो रोजंदारीवर होता, कायमचा नव्हता’ हे कारण चालत नाही. ठेकेदार हात वर करू लागला तर ज्याने त्याला काम दिलं त्या मूळ मालकालाही कलम १२ खाली ओढता येतं, फक्त बांधकाम हा त्याचा धंदा असला पाहिजे.

दावा दोन वर्षांच्या आत. आत्ताच पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि सोबत काम करणाऱ्या दोघातिघांचे जबाब गोळा करा. सोबतचे मजूर एकदा दुसऱ्या साइटवर पांगले की सापडत नाहीत.

आणि हे मंडळाच्या ५ लाखांपेक्षा पूर्ण वेगळं आहे. एक मालकाची जबाबदारी, दुसरा मंडळाचा लाभ. नूतनीकरण थकलं म्हणून मालक सुटत नाही. मंडळाचंही विचारतो: किती महिने थकलं होतं?

खजिनदार (धागाकर्ती)

सात महिने. दादा, मला खरंच हे माहीत नव्हतं. तुमचा प्रतिसाद आज संध्याकाळीच कार्यकारिणीला वाचून दाखवते.

ओळंबा

मग मंडळाकडेही लेखी अर्ज करा, तोंडी उत्तरावर थांबू नका. तेव्हा लागू असलेल्या बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मंडळाची वर्गणी सलग निदान एक वर्ष थकली तरच माणूस लाभार्थी राहत नसे. सात महिन्यांत तो मुद्दा नक्की मांडता येतो. मिळेलच असं वचन तिला देऊ नका, पण नकार लेखी घ्या. लेखी नकाराविरुद्ध पुढे जाता येतं, तोंडी नकाराचं काही करता येत नाही.

रोकडवही

मी दोन कामगार संघटनांचे हिशेब तपासतो. ताई, टक्केवारी बंद केलीत हे योग्यच केलंत, पण त्या जागी काहीतरी उभं करावं लागेल.

वर्गणी आणि अर्ज भरण्याचा खर्च हे वेगळे ठेवा. वर्गणी सभासद असण्याची. अर्ज भरण्याचा खर्च म्हणजे इंटरनेट, छपाई, त्या मुलाचा वेळ. तो सभेत ठरवा, सगळ्या अर्जांना एकच ठेवा आणि दारावर मोठ्या अक्षरात लावा. बाळंतपणाच्या लाभाला आणि मृत्यूच्या लाभाला अर्ज भरायला कष्ट तेवढेच लागतात, मग जास्त रक्कम मंजूर झाली म्हणून जास्त घेण्याला आधार काय? लाभाची रक्कम कामगाराच्या बँक खात्यात थेट जमा होते, ती तिथेच राहू द्या. मृत्यू आणि अपघाताच्या अर्जाला काहीच घेऊ नका, हा खर्च संघटनेने सोसावा.

संघटनेच्या निधीतून सभासदाच्या आजारपणाला, मृत्यूनंतर कुटुंबाला, कोर्टाच्या कामाला खर्च करायला कामगार संघटनांचा १९२६ चा कायदा पहिल्यापासून मुभा देत होता. तेव्हा एक छोटा अडीअडचणीचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा. मात्र ‘मृत्यू झाल्यास अमुक रक्कम मिळेलच’ असं छापू नका. तेवढी शिल्लक नसताना दिलेला शब्द संघटनेला बुडवतो. शिल्लक बघून सभा ठरवेल असं लिहा. आणि हिशेबाच्या वह्या कुठलाही सभासद येऊन बघू शकतो, हे त्यांना मुद्दाम सांगा. आधीच्या काळात गेलेला विश्वास त्यानेच परत येईल.

कोपरा_३२

मी थोडं वेगळं म्हणेन. आमच्याकडे मंजूर लाभातून हिस्सा घेतात, सभेच्या संमतीने. नाहीतर फुकट काम करून घेऊन माणसं जातात. महिन्याची वर्गणी कुणी देत नाही, हे वास्तव आहे. संघटनाच बंद पडली तर त्या बिगाऱ्याच्या बायकोसाठी कोण उभं राहणार?

खजिनदार (धागाकर्ती)

शेवटचं वाक्य मला टोचलं, कारण ते खरं आहे. तरीही एक सांगते. ज्या सभासदाकडून आपण हिस्सा घेतो तो आपल्याला एजंटच समजतो, आणि का समजू नये? मग मजुरीच्या दरासाठी नाक्यावर काम बंद ठेवायला सांगितलं तर तो आपल्यामागे येत नाही. शिवाय एकदा हिस्सा मिळायला लागला की कार्यकर्ते मोठ्या रकमेचे अर्ज आधी धरतात. आमच्याकडे हे झालेलं आहे. पहिली ते सातवीच्या मुलाचे २,५०० रुपये कुणालाच नको असायचे, ते अर्ज तसेच पडून राहायचे. आणि त्याच घरांना त्या पैशांची सर्वांत जास्त गरज होती.

घमेलं

मी स्वतः नाक्यावर उभी राहायचे, आता संघटनेचं काम करते. दाखल्याबद्दल सांगते.

आम्ही प्रत्येक सभासदाला छोटी वही दिली. तारीख, साइट, ठेकेदाराचं नाव, मजुरी. जिला लिहिता येत नाही तिची वही नाक्यावरची शिकलेली पोरगी भरते. आठवड्याच्या मजुरीला ठेकेदाराची एक सही घ्यायची. तीन महिन्यांनी एकदम दाखला मागितला की तो टाळतो, दर आठवड्याला मजुरी देताना एवढं अडत नाही. शिवाय साइटवर काम करतानाचे फोटो. अशी वही घेऊन गेलं की ग्रामसेवकालाही नुसतं ‘मी पाहिलं नाही’ म्हणता येत नाही.

जोडीचं म्हणाल तर बाईची वही वेगळीच. आमच्यात यावरून घराघरांत भांडणं झाली, पण मागे हटलो नाही. नवऱ्याच्या वहीत ‘सोबत पत्नी’ असं लिहू द्यायचं नाही. तिचं नाव, तिची मजुरी.

खोटे दाखले मागणाऱ्यांना एकट्या पदाधिकाऱ्याने नाही म्हणायला लावू नका. नाक्यावरच्या पाच जुन्या कामगारांची समिती करा, त्यात निदान दोन बायका. त्यांनी ओळखलं तरच संघटनेची शिफारस. गावातला माणूस खजिनदाराला दम देतो, नाक्यावरच्या पाच जणांना देणं जड जातं.

नूतनीकरणासाठी आम्ही महिन्याप्रमाणे याद्या लावल्या आहेत. ज्याची मुदत ज्या महिन्यात संपते, त्याच्या एक महिना आधी आवाजी निरोप, कारण लिहिलेला निरोप बरेच जण वाचत नाहीत. गावी गेलेल्यांसाठी घरच्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर यादीत असतो. त्याच फेरीत संघटनेची वर्गणी घेतो, आणि मजुरीच्या दिवशी घेतो. सोमवारी मागितली तर कुणाकडे नसते.

आता साठीनंतरच्या निवृत्तिवेतनासाठीही नोंदणीची वर्षं मोजली जातात. १० वर्षांना वर्षाला ६,०००, १५ ला ९,०००, २० ला १२,०००. खंड पडला की म्हातारपणी नुकसान, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. भांड्यांसाठी आलेला माणूस ते ऐकून थांबतो.

खजिनदार (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कार्यकारिणी बसली. अर्जाचा खर्च एकसारखा ठेवायचं आणि मृत्यू-अपघाताचे अर्ज विनामूल्य करायचं ठरलं, सर्वसाधारण सभेपुढे ठेवू. वह्यांची छपाई स्थानिक छापखान्यात विचारते आहे. पाच जणांच्या समितीवर अध्यक्ष अजून तयार नाहीत, आपला अधिकार जातो असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी पुन्हा बोलेन.

भरपाईच्या दाव्याचं मात्र लगेच करायचं आहे. सोबतचे दोन मजूर सापडले, एक जबाब द्यायला तयार आहे. दुसरा अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला आहे, त्याला मी दडपण आणणार नाही. आता एकच अडचण: ती माहेरी दुसऱ्या जिल्ह्यात आहे, अपघात आमच्या जिल्ह्यात झाला. प्रत्येक तारखेला लहान मुलं घेऊन इकडे येणं तिला जमणारं नाही. दावा तिच्या जिल्ह्यात करता येतो का?

ओळंबा

येतो. अपघात झाला तिथे, किंवा वारस सध्या जिथे राहते तिथे, दोन्ही चालतं. आपल्याकडे हे दावे कामगार न्यायालय किंवा दिवाणी न्यायाधीश बघतात, तिच्या जिल्ह्यात कुणाकडे आहे ते आधी तिथल्या न्यायालयात विचारून घ्या. तिच्या माहेरच्या पत्त्याचा पुरावा, लग्नाचा किंवा वारसाचा कागद, मुलांचे जन्मदाखले बरोबर ठेवा. मुलांची नावंही अर्जदार म्हणून घाला, त्यांचा हिस्सा न्यायालय वेगळा काढून ठेवू शकतं. जो मजूर तयार आहे त्याला त्या दिवशीची मजुरी बुडेल, ती संघटनेच्या निधीतून द्या आणि तसं वहीत लिहा.

मसुदा झाला की नावं काढून इथे टाका, मी वाचतो.