सरांचा वाढदिवस, प्रत्येकी ५०० रुपये

नफातोटा

नाशिकात एका सीएच्या ऑफिसात नोकरीला आहे. सर धरून आम्ही दहा माणसं, त्यात चार आर्टिकल, म्हणजे सीए होऊ घातलेली शिकाऊ पोरं. सरांचा वाढदिवस २७ जुलै. बहुतेक वर्षी पगारदारांच्या इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलैला संपते, त्यामुळे त्या आठवड्यात आम्ही ऑफिसातच जेवतो आणि ओटीपी येईपर्यंत डुलक्या काढतो.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाव 'सर सोडून'. एरवी त्यावर 'सर आले का?' एवढंच विचारलं जातं. परवा तिथे सगळ्यात जुन्या ताईंचा मेसेज पडला: 'सरांचा बर्थडे. प्रत्येकी ५००. उद्या संध्याकाळपर्यंत जीपे करा.' खाली नऊ नावांची यादी. पैसे आले की नावापुढे हिरवी बरोबरची खूण, आणि दर दोन तासांनी यादी पुन्हा ग्रुपवर. काल रात्री नऊला दोनच नावं कोरी होती. एक माझं, दुसरं पहिल्या वर्षाच्या आर्टिकलचं. त्याला महिन्याला ५००० स्टायपेंड आहे, खोलीचं भाडं घरून येतं.

गेल्या वर्षी एक भारीतलं पेन, शर्टपीस आणि दोन किलोचा केक आणला होता. सरांनी शर्टपीस ठेवायला कपाट उघडलं, तर आत त्याच्या आदल्या वर्षीचा शर्टपीस पिशवीसकट बसलेला.

शुभेच्छा द्याव्यात, केक कापावा, त्याला माझी ना नाही. पण ज्याच्या सहीने आपला पगार निघतो त्याला भेट द्यायला वर्गणी काढू नये. कितीही ऐच्छिक म्हणा, नावापुढे खुणा लागायला लागल्या की ऐच्छिक काय राहिलं? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

स्टेपलर

पाचशे रुपयांसाठी एवढं महाभारत? वर्षातून एकदा द्यायचे आणि मोकळं व्हायचं. उरलेले ३६४ दिवस शांतता मिळते, त्या मानाने स्वस्त आहे. नावापुढे कोरी जागा ठेवून तुम्ही काय कमावलंत? सरांना कळणारच. दहा माणसांच्या ऑफिसात कुणाला शिंक आली तरी कळतं.

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या वाढदिवसाला सर काय करतात ते सोयीस्कर गाळलंत का?

नफातोटा

गाळलं नाही, राहिलं. प्रत्येकाच्या वाढदिवसाला समोसे आणि वेफर्स येतात, सरांच्या खिशातून. माणूस वाईट नाहीच. माझी तक्रार सरांबद्दल नाही, यादीबद्दल आहे.

निवृत्त हेडक्लार्क

३४ वर्षं केंद्र सरकारच्या कार्यालयात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आमच्याकडे यावर लेखी नियम आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४. त्यातला १३वा नियम भेटवस्तूंचा, तो बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. मजा १४व्यात आहे. सरकारी नोकराच्या सन्मानार्थ समारंभ करायचा तर आधी मंजुरी हवी. निवृत्तीचा किंवा बदलीचा घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ चालतो. पण त्याखाली टीप आहे: अशा निरोपासाठीसुद्धा कुणावर वर्गणीची सक्ती करायची नाही, आणि वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करायची नाही.

'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द बघा. नियम लिहिणाऱ्याने शिपायाकडून साहेबासाठी पैसे गोळा होताना डोळ्यांनी पाहिले असणार, त्याशिवाय असं कुणी लिहीत नाही.

आता खरं सांगतो. नियम माहीत असूनही आमच्याकडे वर्गणी निघायची. वहीवर 'चहा फंड' लिहिलेलं असायचं. वही घेऊन फिरणारा बहुतेक वेळा मीच.

कोरा_चहा

काका, नियम उत्तम, पण तो सरकारी साहेबासाठी. त्याच्या हातात जनतेची कामं असतात, उद्या पेनाच्या जागी सोन्याची साखळी येईल, म्हणून तो बांध. खासगी ऑफिसचा मालक स्वतःच्या धंद्यात बसलाय. त्याला लाच देऊन कोण कुठली फाइल पुढे सरकवणार?

छोट्या ऑफिसात नातं नुसतं पगाराचं नसतं. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या सरांनी दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला आणि कापून घ्यायची घाई केली नाही. त्यांच्या वाढदिवसाला मी ५०० काय, हजार देईन, आणि त्याला कुणी चमचेगिरी म्हटलं तर मला राग येईल. लग्नात आहेर करताना आपण समोरच्याची श्रीमंती बघतो का?

सांगलीची_हळद

@कोरा_चहा, तुम्ही हजार द्या, मनापासून द्या, कुणी अडवलंय? फक्त पाकिटात घालून स्वतः द्या. तुमच्या कृतज्ञतेचा हप्ता त्या आर्टिकलच्या स्टायपेंडमधून का जावा? त्याच्या आईचं ऑपरेशन सरांनी केलेलं नाही.

आणि आहेराचं म्हणाल तर आपल्याकडे वाढदिवसाची रीत उलटी आहे. घरात मोठी माणसं ओवाळतात आणि हातावर काहीतरी ठेवतात. शाळेत वाढदिवस ज्याचा, चॉकलेटं त्याची: नवा ड्रेस घालून डबा घेऊन वर्गभर फिरायचं, मुलांना एक-एक, बाईंना दोन. पास झाला तो पेढे वाटतो, गाडी घेतली तो पेढे वाटतो. ज्याच्या घरी आनंद, खर्च त्याचा. ऑफिसात आल्यावर हे उलटं कधी झालं?

ओवाळण्यावरून आठवलं. आमच्या ऑफिसात तीन बायका आणि आठ पुरुष. साहेबांच्या वाढदिवसाला निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी घरून आणायचं काम कुणाचं? आणि मग 'मॅडम, तुम्हीच ओवाळा, बाईमाणसाच्या हातचं चांगलं.' मी तिथे अकाउंट्स सांभाळते. दोन वर्षं ओवाळलं. तिसऱ्या वर्षी म्हटलं, या वेळी कुरिअरवाल्या दादांनी ओवाळावं, त्यांचा हात स्थिर आहे. त्यानंतर औक्षण बंद झालं, नुसता केक. फुंकर मारलेला. तो कोण आवडीने खातं, हा वेगळा विषय.

बर्लिनवाली

हळदताईंची चॉकलेटवाली रीत इथे जर्मनीत मोठ्यांनाही लागू आहे. वाढदिवस ज्याचा, केक त्याने आणायचा. बॉस असो नाहीतर नवीन लागलेली पोरगी. माझ्या पहिल्या वर्षी मी सकाळपासून वाट बघत बसले, कुणी काही आणेल म्हणून. दुपारी शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी हळूच विचारलं, 'केक विसरलीस का?' धावत जाऊन बेकरीतून आणला.

अजून एक, इथे आदल्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत, अपशकुन समजतात. त्यामुळे 'अॅडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे' म्हणू नका, तोंड पडतं.

दुकानमालक

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी पलीकडच्या बाजूचा. इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आणि मागे छोटं ऑफिस, बारा माणसं.

साहेबाला काय वाटतं ते कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. माझ्याकडे वाढदिवसाची सात पेनं आहेत आणि मी सही दहा रुपयांच्या बॉलपेनने करतो. केक कापताना बारा जण टाळ्या वाजवतात, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा हे मला या वयातही जमलेलं नाही. डोक्यात हिशेब चालू असतो: पगार मी दिला, त्यातून यांनी केक आणला, म्हणजे केक माझाच. आणि वर मलाच 'थँक्यू, कशाला एवढं' म्हणायचंय. गेल्या साली पोरांनी दुकानाबाहेर फ्लेक्स लावला. माझा फोटो, गॉगल मी कधी घालत नाही तो फोटोत चढवलेला, आणि खाली 'अभिष्टचिंतन'. भी दीर्घ असते ते सोडा, समोरच्या दुकानदाराने महिनाभर 'काय नगरसेवक' म्हणून हाक मारली.

पण दुसरी गोष्टही खरी आहे. करोनाच्या वर्षी दुकान अर्धवट चालू होतं, वाढदिवस कुणाच्या लक्षात आला नाही. संध्याकाळी शटर ओढताना वाईट वाटलं. लहान मुलासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून आता मी काय करतो: आदल्या दिवशी हिशेबनीस काकांना सांगतो, उद्या माझ्याकडून सगळ्यांना भजी आणि जिलबी, वर्गणी दिसली तर परत करीन. लाज सोडून हे मालकानेच सांगावं लागतं. नोकर कसा सांगणार?

स्टेपलर

मालक, तुमच्यासारखा मालक असता तर हा धागाच निघाला नसता. नफातोटांच्या सरांनी तसं सांगितलेलं नाही ना? मग त्यांना आवडतंय असं धरून चालायचं. प्रवाहात राहा, खूण करून घ्या.

सांगलीची_हळद

'सांगितलं नाही म्हणजे आवडतंय' हे तर्कशास्त्र कुठल्या कपाटातलं? पिशवीसकट ठेवलेल्या शर्टपीसच्या?

कोरा_चहा

हळदताई, चिमटे ठीक आहेत, पण एक मान्य करतो. आर्टिकलांकडून घेऊ नये. ते नोकर नाहीत, शिकायला आलेत. बाकीच्यांनी आपापल्या पगाराच्या मानाने द्यावं, आणि यादी नको, पाकीट फिरवा. त्यात कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही.

निवृत्त हेडक्लार्क

पाकीट फिरवण्यात एक गोम असते. फिरवणारा ते हातात घेऊन वजन बघतो. अनुभवाचे बोल.

नफातोटा

२७ तारीख होऊन गेली, काय झालं ते सांगतो.

ग्रुपवर न लिहिता मी ताईंना जेवणाच्या सुट्टीत गाठलं. म्हटलं, आर्टिकलांना वगळू आणि यादी काढून टाकू. त्या भडकतील असं वाटलं होतं. भडकल्या, पण वेगळ्याच गोष्टीवर. 'मला काय हौस आहे? पंधरा वर्षं मीच केक ठरवते, मीच आणते, रिक्षाचे पैसे कधी मागितले नाहीत. पहिल्या वर्षी खुणा केल्या नव्हत्या, तेव्हा अर्धे पैसे माझ्या अंगावर पडले.' हे मला माहीत नव्हतं. पंधरापैकी सहा वर्षं मी तिथे आहे, म्हणजे त्यांनी न मागितलेल्या रिक्षाच्या पैशांत माझाही वाटा असणार.

मग ठरलं: एक किलोचा केक आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. पगारदार पाच जणांनी दीडशे-दीडशे काढले, आर्टिकल मोकळे. ते पोरगं मला म्हणालं, 'दादा, मी आदल्या रात्रीच ५०० पाठवले होते, ताईंनी परत केले.' केक आणायला मी गेलो.

संध्याकाळी साडेसातला पोर्टल लोंबकळलं तेव्हा केक कापला. सरांनी कार्ड उघडलं, सगळ्यांची नावं मोठ्याने वाचली. मग कार्ड टेबलावर उभं करून म्हणाले, 'या वर्षी पेन नाही वाटतं?'

हसले की नाही ते आमच्यात अजून ठरलेलं नाही. तिघं म्हणतात हसले. ताई माझ्याकडे बघत होत्या.

स्टेपलर

सांगितलं होतं.

दुकानमालक

अहो थट्टा केली त्यांनी. नसेल तर माझ्याकडे सात पडून आहेत, पत्ता कळवा.