‘द्वेषगुन्हा’ म्हणजे नेमकं काय? परिचारिकांच्या पत्रकासाठी शब्द हवे आहेत

प्रश्न : ‘हेट क्राइम’ला ‘द्वेषगुन्हा’ म्हणतात खरं, पण द्वेषातून भाऊबंदकीतही डोकी फुटतात. मग याचं वेगळेपण कशात?

प्रतिसाद १ : आधी गुन्हा, आणि माणूस निवडण्यामागे त्याचा वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिकता अशा ओळखीबद्दलचा आकस. भाऊबंदकीत वैर त्या माणसाशी असतं. इथे मारणाऱ्याने त्याला आधी पाहिलेलंही नसेल. ‘पूर्वग्रहप्रेरित गुन्हा’ जास्त नेमका आहे, पण बोलायला जड. ‘द्वेषगुन्हा’च ठेवा आणि अर्थ पहिल्या ओळीत सांगा.

प्रतिसाद २ : मी परिचारिका आहे. पत्रकात ‘शिवीगाळ’ या शब्दावर आवर्जून लिहा. केसपेपरवर ‘शिवीगाळ व मारहाण’ एवढंच आलं की हल्ल्याचं कारणच पुसलं जातं. हल्लेखोर काय म्हणाले ते रुग्णाच्या तोंडून जसं येईल तसं, कितीही घाण असलं तरी, अवतरणचिन्हांत लिहायचं. ‘रुग्णाचा दावा’ही नको. त्यात अविश्वास आधीच शिरतो. ‘रुग्ण सांगतो’ पुरे. आणि विचारताना नातेवाईक बाहेर, दुभाषा म्हणूनसुद्धा नकोत. ज्या ओळखीवरून मार बसला ती घरी माहीत नसेल तर माणूस गप्प बसतो.

हेतू ठरवणं मात्र आपलं काम नाही.

प्रतिसाद ३ : शेवटच्या वाक्याला थोडी हरकत. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधल्या वंशद्वेषी खुनाच्या तपासावर ब्रिटनमध्ये १९९९ साली मॅकफर्सन अहवाल आला. त्याच्या व्याख्येनुसार, पीडिताला किंवा इतर कुणालाही वंशद्वेषी वाटलेली घटना ही वंशद्वेषी घटना. ‘इतर कुणालाही’ यात परिचारिकाही आली.

प्रतिसाद २ : पटलं. मग शंका लिहावी, पण रुग्णाच्या शब्दांपासून वेगळी, स्वतःचं निरीक्षण म्हणून.

प्रश्नकर्ता : आणि ‘नोंद’ की ‘तक्रार’?

प्रतिसाद २ : नोंद आपली, तक्रार रुग्णाची. कायद्याने पोलिसांना कळवावंच लागत असेल तर तसं रुग्णाला आधी सांगायचं. तसं बंधन नसेल तर संमतीशिवाय कळवायचं नाही. रक्ताळलेले कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल राहून पुरावा खराब होतो.

प्रतिसाद ४ : ‘सांगतो’ऐवजी ‘रुग्ण सांगतात’ लिहा. पारलिंगी माणूस त्याच कारणासाठी मार खाऊन आलेला असेल, तर क्रियापदाचं लिंग आपण अंदाजाने ठरवू नये. आदरार्थी रूप सगळ्यांना चालतं, तेवढ्यात त्यांना विचारूनही घेता येतं.